निळ्या झाकणाचा डबा

कॉटनवुड क्रीक, मोंटाना
११ मार्च १९६२

प्रिय हॉल्वर,

आयव्हर गेल्यावर तू पाठवलेलं सांत्वनाचं पत्र ऑक्टोबरातच मिळालं होतं. उत्तराला पाच महिने लागले. वेळ नव्हता असं म्हणणार नाही. वेळच वेळ होता.

काल आयव्हरची काडतुसं भरायची शेड उघडली. पन्नास सालच्या मे महिन्यात त्याच्या हातात रिव्हॉल्व्हर फुटलं, त्यानंतर त्यानं दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. दवाखान्यातून त्याचे कपडे परत आले तेव्हा ती पँटच्या खिशात होती. अकरा वर्षं तो ती प्रत्येक पँटच्या खिशात बदलत राहिला असणार.

आत सगळं जागच्या जागी आहे. दाबयंत्र थोडं गंजलंय, तेल दिल्यावर फिरायला लागलं. तराजू बरोबर दाखवतो. बंदुकीची दारू मोजायचं माप, त्याच्या वरची काचेची नळी, सगळं शाबूत. फळीवर दारूचे दोन डबे आहेत. लाल झाकणाचा जवळजवळ रिकामा. निळ्या झाकणाचा भरलेला.

आता कामाचं. डेल प्रुइट क्लबचा सेक्रेटरी झालाय. परवा दुकानात भेटला. म्हणाला, "सेल्मा, जूनच्या सामन्याला आयव्हरच्या जागी तू उभी राहा. फक्त चष्मा विसरू नकोस, निशाण पन्नास फुटांवर असतं." मी म्हटलं, "तू तुझं पोट आवर. निशाणाच्या आड येतं." पण मनात ते बसलं. जूनच्या सामन्यात स्वतः भरलेलीच काडतुसं चालतात, हा आपल्याकडचा नियम तुला माहीत आहे. दुकानातली आणून उभी राहिले तर मला कोणी काही म्हणणार नाही, पण मग मी आयव्हरच्या जागी उभी नसेन.

त्याच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर कपाटात आहे. फारसं वापरलेलं नाही. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या मी धुतल्या, आकारात आणल्या, तळाला ठिणगीच्या नव्या टोप्या बसवल्या. तेवढं पाहून पाहून येतं. दारूच्या बाबतीत पाहून येण्यावर विसंबायचं नाही, एवढंही पाहूनच कळलंय. आयव्हरला हे काम तू शिकवलंस. तर सांग, दोन डब्यांपैकी कुठली घेऊ?

तुझी पाठ कशी आहे?

सेल्मा


स्पोकेन
१७ मार्च १९६२

प्रिय सेल्मा,

पत्र मिळालं. पाठ तशीच आहे. अंत्यविधीला आलो नाही तो पाठीमुळेच, असं मी तेव्हा लिहिलं होतं.

तू विचारलंस त्याचं उत्तर सरळ आहे. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासाठी दारू निवडताना माणसं आधी जोर बघतात, मग किंमत. मी आधी हे बघतो की चूक झाली तर ती डोळ्यांना दिसेल का.

झटकन जळणारी दारू चिमूटभर लागते. डबा वर्षभर पुरतो, म्हणून लोकांना आवडते. पण पुंगळीत ती तळाशी बसते. एकाच पुंगळीत चुकून दोनदा पडली तरी वरून पाहताना फरक जाणवत नाही. सावकाश जळणारी जास्त लागते, पुंगळी बरीचशी भरते. ती दुसऱ्यांदा ओतली तर काठावरून टेबलावर सांडते. सांडलेली दारू कुणालाही दिसते. तू नवी आहेस. तू सावकाश जळणारीच घे. माप किती ते डब्याबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत असतं. त्यातलं सगळ्यात कमी माप घे आणि तिथंच थांब. प्रत्येक पुंगळी दिव्याखाली धरून आत बघ. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेव.

आणि दारू नवी घे. न उघडलेला डबा. शेडमधले दोन्ही डबे टाकून दे. बारा वर्षांची दारू कशाला वापरायची? बागेत पसरून टाक, रुबार्बच्या झाडांना खत होईल. आयव्हरचे वडील तेच करायचे.

सामन्याचं ऐकून बरं वाटलं.

तुझा,
हॉल्वर


कॉटनवुड क्रीक
२५ मार्च १९६२

प्रिय हॉल्वर,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दारू कशी निवडायची ते आता डेललासुद्धा शिकवू शकेन. त्याला सांगितलं तर म्हणतो, "हॉल्वरनं हे मला वीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर माझं छप्पर वाचलं असतं." काडतूस उडून छपराला भोक पडल्याची गोष्ट तो सगळ्यांना सांगतो, तुलाही ऐकवेल.

पण डबे टाकून देण्याचं काही पटलं नाही. दारू दुधासारखी नासत नाही. आयव्हर त्याच्या वडिलांच्या वेळची दारू वापरायचा आणि तू शेजारी बसून वापरायचास. बिघडलेली दारू कशी ओळखायची हे मला माहीत आहे. निळ्या डब्यातली पांढऱ्या कागदावर ओतली. लालसर धूळ नाही. नाकाला झोंबणारा वास नाही. आणि निळा डबा म्हणजे तू सांगतोस तीच, सावकाश जळणारी. जवळजवळ भरलेला आहे. माझ्या आईनं वापरलेला दोरासुद्धा फेकला नाही. मी एक पौंड चांगली दारू रुबार्बला घालू?

आता एक गोष्ट लिहिते. ती मी कोणालाच सांगितलेली नाही, आयव्हरलाही नाही. तू लांब आहेस आणि त्याच्या बाजूचा आहेस म्हणून सांगते.

अपघाताच्या आधीच्या नोव्हेंबरात तू शिकारीला येऊन गेलास, त्यानंतर आठवड्याभरानं तो काडतुसं भरत बसला होता. मी कॉफी घेऊन आत गेले. तो दारू घालत असताना बोलायचं नाही हे मला ठाऊक होतं. भिंतीवर तू रंगानं लिहिलेलं आहे. तरी मी बोलले. माझ्या बहिणीचं पत्र आलं होतं, तिला चौथं होणार होतं, आणि मला ते त्याच क्षणी सांगायचं होतं. त्यानं मान वर केली. म्हणाला, "चौथं? त्यांना दुसरं काही सुचत नाही का?" आम्ही हसलो. मग तो पुन्हा खाली वळला आणि त्याचा हात मापाच्या दांड्यावर तसाच थांबला. तो आठवत होता, या पुंगळीत दारू पाडायला दांडा ओढला की नाही ओढला. मी कप ठेवला आणि निघून आले.

मे महिन्यात ते रिव्हॉल्व्हर फुटलं. उजवा अंगठा मुळापासून गेला, डावा डोळा गेला. तू उरलेली काडतुसं बघितलीस आणि सगळ्यांना सांगितलंस की एका पुंगळीत दोनदा पडली असणार. तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. मला कळलं, ती कुठली पुंगळी होती.

लोक त्याला 'दुबार आयव्हर' म्हणायचे हे तुला माहीत असेल. टॉलिव्हरनं सुरू केलं. दुबार, एक बीअर घेणार की दोन? त्यानं क्लब सोडला. मी प्रत्येक वेळी तोंड उघडायचं ठरवलं आणि उघडलं नाही.

म्हणून मला ही काडतुसं त्याच टेबलावर भरायची आहेत. उगाच हट्ट नाही.

सेल्मा


स्पोकेन
२ एप्रिल १९६२

सेल्मा,

निळ्या डब्यातली दारू वापरू नकोस.

शेडवर पत्र्याचं छप्पर आहे. बारा उन्हाळे ती आत तापली आहे. कागदावर ओतून सगळं कळत नाही. मी माझ्या ओळखीतल्या एका ट्रकवाल्याबरोबर नवा डबा पाठवतो. पोस्टानं दारू पाठवता येत नाही. तो मेच्या सुरुवातीला तुमच्या बाजूला येईल. सामन्याआधी भरपूर वेळ मिळेल.

कॉफीचं मनातून काढून टाक. असं होतं. कोणाच्याही हातून होतं.

मी हे पत्र आठवडाभर लिहीत होतो. एवढंच झालं.

हॉल्वर


कॉटनवुड क्रीक
१४ एप्रिल १९६२

प्रिय हॉल्वर,

ट्रकवाल्याला त्रास देऊ नकोस. मी तीस काडतुसं भरली. निळ्या डब्यातलीच. माप आयव्हरनं लावून ठेवलं होतं तसंच ठेवलं. प्रत्येक पुंगळी दिव्याखाली धरली. ईस्टरनंतरच्या रविवारी, २९ तारखेला, ओढ्याकाठी नेऊन उडवून बघणार आहे. डेल येतो म्हणालाय. "मी झाडामागे उभा राहीन," म्हणतो. मी म्हटलं, "तुला पुरेल एवढं जाड झाड आपल्याकडे नाही."

पण पत्र लिहायला बसले ते दुसऱ्या कारणानं.

भरताना मला तुझं पहिलं पत्र आठवत होतं. सावकाश जळणारी दारू दोनदा ओतली तर सांडते. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. एका पुंगळीत मुद्दाम दोनदा ओतली. खरंच सांडली. अर्ध्याहून जास्त टेबलावर. ते दिसणार नाही असा माणूस नाही.

मग आयव्हरची वही शोधली. मापाखालच्या खणात होती, तेलाच्या फडक्याखाली. त्यानं शेवटचं लिहिलंय ते असं. १९ नोव्हेंबर १९४९. पन्नास. निळा डबा. मोठा भार. आणि पुढे, सेल्माच्या बहिणीला चौथं.

त्याखाली काही नाही. त्यानंतर तो वहीपर्यंत गेलाच नाही.

हॉल्वर, ती पन्नास काडतुसं निळ्या डब्यातली होती. तू म्हणालास ती लाल डब्यातल्या चिमूटभर दारूची असणार, म्हणून दोनदा पडलेली त्याला दिसली नाही. खोक्यात चिठ्ठी सापडली नाही असंही म्हणालास. आयव्हर खोक्यात चिठ्ठी ठेवायला विसरत नसे.

मी कॉफी घेऊन गेले तेव्हा त्यानं दोनदा ओढलं असतं तर टेबलभर दारू झाली असती. मी तिथंच होते. टेबल स्वच्छ होतं.

मग काय झालं? तुला त्यातलं कळतं, मला नाही. डेलला विचारलं तर म्हणाला, "हॉल्वरलाच विचार."

विचारते आहे.

सेल्मा


स्पोकेन
१७ एप्रिल १९६२

सेल्मा,

दुपारी फोन केला तेव्हा मी एवढंच म्हणालो, भरलेलं एकही काडतूस उडवू नकोस, पत्र येतंय. तू विचारलंस, "का?" तुमच्याकडे आठ घरांना फोनची एकच तार आहे, एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू येतं. तारेवर कोणीतरी खोकलं. मी त्या खोकल्याचा आधार घेतला आणि फोन ठेवला. कोणी खोकलं नसतं तरी मी काही बोललो असतो असं नाही.

आता लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा सुरू करणार नाही, म्हणून खाडाखोड तशीच ठेवतो.

निळ्या डब्यात वरच्या बाजूला लाल डब्यातली दारू आहे. ती मी ओतली.

१९४९ च्या नोव्हेंबरात, निघायच्या दिवशी सकाळी, मी तुमच्या शेडमध्ये स्वतःसाठी हलकी काडतुसं भरली. लाल डब्यातली दारू मापाच्या नळीत काठोकाठ भरली होती. वीस भरून झाली, नळीत बरीच उरली. मधेच मी निळा डबा खाली काढला होता. त्याच्यावरचा क्रमांक माझ्या डब्याशी जुळतो का ते बघायचं होतं. टेबलावर दोन डबे झाले. समोर भिंतीवर माझ्याच हातानं रंगवलेलं होतं, एका वेळी एकच डबा. आयव्हरनं बाहेरून हाक मारली, "चल रे म्हाताऱ्या, गाडी तुझ्यासाठी थांबणार नाही." मी नळी काढली, डब्यात उलटी केली, झाकणं लावली, दोन्ही डबे फळीवर ठेवले. लाल डबा ठेवताना हाताला हलका लागला. तसाच ठेवला.

दोन्ही दारू सारख्याच दिसतात. काळ्या, बारीक. एक दुसरीवर पडली तर कळत नाही. पण सावकाश जळणारीच्या मोठ्या मापानं झटकन जळणारी भरली तर रिव्हॉल्व्हर फुटतं.

गाडी मिसूलाला पोचायच्या आत मला कळलं होतं. तिथल्या फलाटावर पोस्टकार्ड घेतलं. लिहिलं, आयव्हर, निळा डबा टाकून दे, मी घोळ केलाय. पत्ता लिहिला. मग मला तो ते क्लबात वाचून दाखवताना दिसला. तो वाचून दाखवणारच. "गुरुजींचं पत्र आलंय, ऐका." मी पोस्टकार्ड खिशात घातलं. म्हटलं, त्याला कळेल. म्हटलं, तो मोठा भार भरणार तर शिकारीच्या आधी, म्हणजे पुढच्या शरद ऋतूत. म्हटलं, वसंतात जाईन तेव्हा तोंडानं सांगेन.

सहा महिने होते. पोस्टाची पेटी माझ्या दाराबाहेर होती.

मे महिन्यात मी आलो. आदल्या रात्री जेवताना सांगणार होतो. तू डुकराचं मांस केलं होतंस, आयव्हर खुशीत होता. म्हटलं, सकाळी. सकाळी मैदानावर त्यानं खोकं टेबलावर ठेवलं. झाकण उघडलं, आत चिठ्ठी होती. निळा डबा, नोव्हेंबर. मी ती वाचली. तो रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत काडतुसं घालत होता. मी त्याच्यापासून तीन पावलांवर होतो. डेल होता, टॉलिव्हर होता, आणखी दोघं होते. मी म्हणालो, "आयव्हर." तो म्हणाला, "हं?" मी विचार करत होतो की या चौघांसमोर कसं मांडू. तो म्हणाला, "बोल की," आणि थोडा थांबला, मग हसला, मग वळून हात वर केला.

एवढा वेळ मला मिळाला होता.

तुम्ही त्याला गाडीत घालून नेलं तेव्हा मी मागे राहिलो. चिठ्ठी खिशात घातली. उरलेली काडतुसं हॉटेलात उघडली, दारू भिंगाखाली बघितली, ओढ्यात टाकली. संध्याकाळी दवाखान्यात येऊन सांगितलं की एका पुंगळीत दोनदा पडली असणार. कोणी मला काही विचारलं नव्हतं. मी होऊन सांगितलं. आयव्हरच्या तोंडावर पट्ट्या होत्या. तो म्हणाला, "मला आठवत नाही, पण तू म्हणतोस म्हणजे तसंच."

निळा डबा शेडमध्ये आहे हे मला दर दिवशी माहीत होतं. मागायला गेलो असतो तर का ते सांगावं लागलं असतं. त्यानं कुलूप घातलंय असं तू नाताळच्या कार्डात लिहिलंस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

तुझ्या कॉफीचं पंचवीस मार्चच्या पत्रापर्यंत मला माहीत नव्हतं. ते वाचल्यावरही मी तुला लिहिलं, असं होतं, कोणाच्याही हातून होतं. ते वाक्य मी विचार करून लिहिलं होतं.

तुझ्यामुळे काही झालं नाही. तू बोललीस, तो हसला, त्यानं बरोबर भरलं. प्रत्येक पुंगळीत एकदाच, बरोबर माप. त्याच्या हातून एकही चूक झाली नव्हती.

ती तीस काडतुसं कोणालाही हात लावू देऊ नकोस.

हॉल्वर


कॉटनवुड क्रीक
३० एप्रिल १९६२

हॉल्वर,

तीसही काडतुसं उघडली. गोळ्या वेगळ्या केल्या. पुंगळ्या रिकाम्या केल्या. डब्यातली दारू आणि ही दारू, सगळी रुबार्बच्या वाफ्यात पसरली आणि वर पाणी मारलं. डेलनं मदत केली. त्याला काय झालंय ते मी सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

पसरायच्या आधी चिमूटभर आयव्हरच्या भिंगाखाली बघितली. दोन प्रकारचे कण आहेत. एक थोडा चपटा. बघायचं ठरवलं तर कोणालाही दिसेल. त्यानं बघितलं नाही, कारण ते झाकण तू लावलं होतंस.

डबा इतकी वर्षं तापत राहिला, मग मी तो हलवला. वरचं खाली गेलं असेल, मिसळलं असेल. माझ्या तीसांत किती काय होतं कोणाला माहीत. पहिलं पत्र लिहिताना तुलाही ते माहीत नव्हतं. तरी तू मला खताचं सांगितलंस. मी भरून उडवली असती तर तू काय सांगितलं असतंस? बाई नवी होती, दोनदा पडली असणार?

कॉफीबद्दल. तुला पूर्ण माहीत असावं म्हणून लिहिते.

पन्नास सालानंतर तो कशातही गुंतलेला असला की मी बोलत नसे. तो कुंपण दुरुस्त करत असला, गाय बघत असला, नुसता हिशेब करत असला तरी मी दारात उभी राहायचे आणि त्याचं होईपर्यंत थांबायचे. तो म्हणायचा, "काय आहे ते बोल की, सेल्मा." मी म्हणायचे, "काही नाही, तुझं होऊ दे." कधी म्हणायचा, "रागावलीस का?" मी म्हणायचे, "नाही." मला वाटायचं, त्याला माहीत आहे की डोळा माझ्यामुळे गेला, आणि तो मला सांभाळून घेतोय. त्याला काय वाटत असेल याचा मी आता विचार करते. त्याला वाटत असेल, ही मला बावळट समजते आणि तसं म्हणू नये म्हणून गप्प राहते. दोन माणसांचं घर. अकरा हिवाळे. घरात मोठ्यानं बोलायचे ते फक्त पाहुणे.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तो म्हणाला, "सेल्मा, मी त्या दिवशी मोजलं होतं गं. मला अजून वाटतं मी मोजलं होतं." मी म्हटलं, "जाऊ दे आता." मला वाटलं मी माया दाखवतेय.

तू हे मला लिहिलंस, ते मी ठेवलंय. पण मला लिहून भागणार नाही. ते चौघं अजून जिवंत आहेत. त्यांच्यासमोर कसं मांडू असा तुला त्या सकाळी प्रश्न पडला होता. आता बारा वर्षं विचार करून झालाय.

जूनच्या पहिल्या रविवारी, सामना सुरू व्हायच्या आधी, मैदानावर ये आणि तोंडानं सांग. पत्र पाठवू नकोस. डेल वाचून दाखवेल आणि सगळे म्हणतील, किती चांगलं लिहिलंय.

तुझ्या पाठीचं मला आता ऐकायचं नाही.

तुझ्या ट्रकवाल्याचा डबा आला तर मी घेईन. न उघडलेला असेल तर.

सेल्मा


स्पोकेन
६ जून १९६२

सेल्मा,

तू तिथं होतीस. तरी मी जे बघितलं ते लिहितो, कारण आपण एकमेकांशी बोललो नाही.

स्टेशनवर डेल आला होता. गाडीत तो हवामानाबद्दल बोलला. मैदानाच्या दाराशी म्हणाला, "हॉल्वर, हे करायलाच हवं असं नाही." मी म्हटलं, "करायलाच हवं." तो म्हणाला, "मग आधी कर. लोकांना भूक लागली की ऐकत नाहीत."

तीस एक माणसं होती. मला वाटलं होतं पाच-सहा असतील. मी बाकावर चढणार होतो, पाठीमुळे चढता आलं नाही, खालूनच बोललो. नळी, दोन डबे, मिसूला, पोस्टकार्ड, चिठ्ठी. आयव्हरनं प्रत्येक पुंगळीत एकदाच आणि बरोबर माप घातलं होतं, हे दोनदा सांगितलं. चार मिनिटं लागली असतील. तू टेबलापाशी पाठ करून चक्रीत काडतुसं घालत होतीस.

टॉलिव्हरनं टोपी काढली. म्हणाला, "म्हणजे दुबार नव्हताच तो?"

"नव्हता."

"मग आम्ही बारा वर्षं काय बोलत होतो?"

मला वाटलं, आता सुरू होईल. मी त्यासाठी उभा होतो. गाडीत सगळी रात्र त्याचीच तयारी केली होती. पण टॉलिव्हर पुढे आला आणि त्यानं माझा हात हातात घेतला. "यायला हिंमत लागते," म्हणाला. मग दुसरा आला. डेलनं छपराची गोष्ट काढली. मग एकेकानं आपापली काढली. एकानं बंदूक रिकामी समजून पिंपाला गोळी घातली होती. एकानं भावाच्या बुटात. लोक हसायला लागले. जेवणाच्या टेबलावर मला मध्ये बसवलं. बटाट्यांचं भांडं माझ्याकडे तीनदा आलं. "आयव्हरला हे आवडलं असतं," असं कोणीतरी म्हणालं. काय आवडलं असतं ते मला कळलं नाही, त्यालाही कळलं नसेल. कोणी मोठ्यानं म्हणालं, "झालं गेलं." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

तू सहावी आलीस. तुझ्या शेवटच्या पाच गोळ्या एका कपाखाली झाकता आल्या असत्या. एकही काडतूस हलकं की जड वाजलं नाही, सगळी सारखी. आवाजावरून मला कळतं.

तू सगळ्यांच्या ताटात वाढलंस. माझं ताट डेलनं भरलं. निघताना मी तुझ्यासमोर उभा राहिलो तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, बराच वेळ, आणि काही बोलली नाहीस. मग रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळायला वळलीस.

त्या लोकांनी मला जेवण संपायच्या आत माफ केलं. त्यांचं काही गेलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी त्यांच्याबद्दल विचार करून बघितला, पण मन तिथं थांबेना. तुझ्या गप्प राहण्याबद्दल मात्र सगळा रस्ता विचार केला. तीस माणसांत तू एकटी होतीस जी आयव्हरच्या डोळ्याची किंमत मला कमी करून देत नव्हतीस. त्यासाठी मी तुझा आभारी आहे.

उत्तराची वाट बघणार नाही. आलं तर उघडेन.

हॉल्वर